म्हाळसाची चिमूट

"जगाच्या वैद्यकशास्त्राचा इतिहास यापुढं दोनच भागांत लिहिला जाईल," गुंडेराव सर म्हणाले, "निर्ण्याच्या पानाआधीचा आणि निर्ण्याच्या पानानंतरचा."

हे ज्या सभेपुढं जाहीर झालं, तिच्यात माणसं दोनच होती. एक, सरांची संशोधक विद्यार्थिनी धनलक्ष्मी. आणि दुसरा, कलबुर्गीतल्या त्या प्रयोगशाळेचा फ्रिज दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक. मेकॅनिकनं फ्रिजमागून डोकं काढलं, इतिहासाला क्षणभर मान दिला आणि म्हणाला, "ते होईल सर. पण आधी ह्याच्यात गॅस भरावा लागंल."

एरवी धनलक्ष्मी हसली असती. आज तिचा एक डोळा दारावर होता. फ्रिजमधल्या तिच्या नमुन्यांच्या नळ्या बर्फाच्या बादलीत उभ्या होत्या, आणि बंगळूरहून तपासणीला आलेल्या नेत्रावती मॅडम विश्रामगृहातून निघाल्याचा फोन येऊन गेला होता. धनलक्ष्मीनं इतकी वर्षं केलेलं काम खरं की खोटं, हे आज संध्याकाळपर्यंत ठरणार होतं.

काम सांगायला सोपं होतं. कर्करोगाचं औषध अंगात सोडलं, की ते लग्नघरातल्या अनोळखी पाहुण्यासारखं सगळीकडं फिरतं. जायचं तिथं थोडं जातं, नको तिथं फार. मग रोग्याचे केस गळतात, तोंड येतं, अन्न जात नाही. म्हणून औषधाला वाहन लागतं, जे त्याला नेमकं गाठीपाशी नेऊन उतरवील. धनलक्ष्मीनं ते वाहन जस्ताच्या ऑक्साइडचं केलं होतं. एका केसाच्या जाडीत हजारभर ओळीनं मावतील एवढे बारीक कण. औषध त्यांच्या पाठीवर बसणार आणि गाठीजवळच्या आंबट जागेत खाली उतरणार. असे कण करायला जहाल रसायनं लागतात. धनलक्ष्मी ते तरवडाच्या पानांच्या काढ्यात करायची. तरवड म्हणजे बांधावरचं ते पिवळ्या फुलांचं झुडूप, ज्याला शेळीसुद्धा विचार करून तोंड लावते.

कण बारीक झाले, एकसारखे झाले, औषध त्यांच्यावर छान बसलं. निबंध छापून आला. निर्ण्यात, धनलक्ष्मीच्या गावी, तिच्या आईनं, म्हाळसानं, पेढे वाटले, आणि गाव धनलक्ष्मीला 'औषधवाली' म्हणायला लागलं. दोन घरांतल्या माणसांनी तर आपले रोगी कधी आणायचे, असंही विचारून ठेवलं.

मग दुसऱ्या राज्यातल्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. आम्हीही तरवडाच्या पानांनी करून पाहिलं. कणांचे गोळे झाले, औषध बसलं नाही, कृपया मार्गदर्शन करावं. शास्त्राच्या जगात 'कृपया मार्गदर्शन करावं' याचा अर्थ 'तुम्ही खोटं बोलताय' असा होतो. विद्यापीठानं ठरवलं, नेत्रावती मॅडमच्या डोळ्यांदेखत प्रयोग पुन्हा व्हावा. जमला तर प्रबंध पुढं जाईल. नाही जमला, तर नोंदणी रद्द, आणि नावापुढं जन्माचा शिक्का. बाहेर कुजबुज एकच होती: ही पोरगी गुपचूप काहीतरी टाकते.

धनलक्ष्मी काही टाकत नव्हती. पण तिला भीती होती ती वेगळ्याच कारणानं. प्रयोग दर वेळी जमत नव्हता, हे तिला ठाऊक होतं. जमायचा बहुतेकदा. गेल्या पावसाळ्यात मात्र एक अख्खी खेप फसली होती. सगळं तेच, हात तोच, आणि हाती आला पांढरा गाळ. तिनं पाण्याला दोष दिला होता. सरांनी सांगितलं होतं की प्रयोगालाही कधीकधी मूड नसतो, तो गाळ टाकून दे. तिनं तो टाकला नव्हता. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

नेत्रावती मॅडम आल्या त्या एकट्या, सुती साडीत, हातात एक चौकोनी पेटी. त्यांचं माहेर भालकीचं, त्यामुळं मराठी येत होती. पण ती त्या वाया घालवत नसत. सरांनी पुढं केलेला गुच्छ त्यांनी वॉश बेसिनमध्ये ठेवला आणि कामाला लागल्या. धनलक्ष्मीला बांगड्या काढायला लावल्या, कोपरापर्यंत हात धुवायला लावले, कोटाचे खिसे उलटे करायला लावले. पाणी त्यांनी स्वतः आणलेलं होतं, सीलबंद. मग एकेक ड्रॉवर रिकामा झाला. तिसऱ्यात एक शाल आणि नारळ निघाला.

"हे कशासाठी?"

सर म्हणाले की सत्कारासाठी. कोणाच्या, ते त्यांनी सांगितलं नाही, पण शाल त्यांच्या आवडत्या रंगाची होती. मॅडमनी नारळ हलवून पाहिला, पाणी आहे याची खात्री केली आणि ड्रॉवर लावला.

"पान, पाणी, जस्ताचा क्षार आणि कॉस्टिक सोडा," त्या धनलक्ष्मीकडं वळून म्हणाल्या. "पाचवं काही?"

"न्हाई मॅडम."

"नीट आठवून सांगा."

"खंडोबाची आन, मॅडम. पाचवं काहीच न्हाई."

हे ती बोलली तेव्हा निर्ण्याहून आलेली पानं टेबलावर तिच्या कोपराशी होती, नेहमीच्या फडक्यात.

त्या फडक्याचं असं होतं. वसतिगृहाच्या गच्चीवर पानं वाळत घातली की माकडं त्यांचा उत्सव करत. म्हणून पानं निर्ण्यातच तोडली जात. म्हाळसा ती स्वच्छ धुवायची, ओसरीच्या सावलीत वाळवायची आणि हुमनाबादच्या बसला कंडक्टरच्या हवाली करायची. प्रबंधातही तसंच लिहिलं होतं: पानं स्वच्छ धुऊन सावलीत वाळवून घेतली. त्यात तसूभर खोटं नव्हतं. वाळलेली पानं ती बांधायची मात्र घरातल्या एकाच फडक्यात. म्हाळसाच्या सासऱ्यानं मैलारच्या जत्रेहून आणलेलं धोतराचं ते पान, खंडोबाचं. मूळ रंग कोणता, हे सांगणारा आता कोणी हयात नव्हता. चांगल्या कामासाठी घरातून जे बाहेर पडेल, ते आधी त्या फडक्यात बांधायचं, अशी त्या घराची रीत. पेरणीचं बियाणं त्यातून जायचं. धनलक्ष्मीचं दहावीचं हॉल तिकीट त्यातून गेलं होतं. म्हैस व्यायला झाली की तिचं दावंसुद्धा त्यात गुंडाळून देवापुढं ठेवत. फडकं एकच, म्हणून ते पुढच्या बसनं न चुकता परत जायचं.

मॅडमनी पेटी उघडली. आत पानांची एक सीलबंद पिशवी होती. विद्यापीठाच्याच कुंपणाचा तरवड त्यांनी कोणाला न सांगता माणूस पाठवून तोडून घेतला होता, धुऊन वाळवून घेतला होता. त्या म्हणाल्या की दोन्ही पानं शेजारी शेजारी करायची, एकाच हातानं.

सरांनी विचारलं की याची गरज आहे का. मॅडमनी त्यांच्याकडं पाहिलं आणि सरांनाही गरज पटली.

दोन चंचुपात्रं लागली. पानं दळली गेली, काढे उकळले, गाळले गेले. जस्ताचा क्षार विरघळला. फ्रिजमागं मेकॅनिकचा पान्हा मधूनच वाजत होता. धनलक्ष्मीनं कॉस्टिकची नळी उघडली. थेंब, थेंब. आधी मॅडमच्या पानांत. काढा गढुळला, दुधाळ झाला. मग निर्ण्याच्या पानांत. काढा गढुळला, आणि हळूहळू तांबूस व्हायला लागला.

"हा लाल कामून?" मॅडमच्या तोंडून भालकी निसटली.

"माती!" सर पुढं सरसावले. निर्ण्याच्या मातीत काय काय आहे याची त्यांनी यादी सुरू केली आणि लोहापासून पुण्याईपर्यंत आणून सोडली.

धनलक्ष्मी ऐकत नव्हती. हा लाल रंग तिनं कितीदा पाहिला होता. 'कॉस्टिक घालताच तांबूस छटा येते, हे तरवडाचं वैशिष्ट्य' असं तिनं स्वतः अभिमानानं लिहिलंही होतं. पण आजवर तिच्यापुढं नेहमी एकच पात्र असे. आज शेजारी दुसरं उभं होतं, दुधासारखं, आणि त्याच्या बाजूला हा लाल एकदम ओळखीचा वाटला. हा लाल औषधाचा नव्हता. कपाळाचा होता.

लहानपणी परसात आई कुंकू करायची. हळदीत चुना कालवला की परातीत हाच रंग उमटत जायचा, आणि ती बोट बुडवून भिंतीवर रेघा ओढायची. हळद आणि चुना. हळद आणि कॉस्टिक. शास्त्राला दोन्ही एकच.

तिनं मान न वळवता टेबलावरच्या फडक्याकडं पाहिलं. पिवळं धमक. सकाळपासून सगळ्यांच्या डोळ्यांपुढं. तिच्या तर जन्मापासून डोळ्यांपुढं, म्हणूनच ते तिला कधी दिसलं नव्हतं.

कण खाली बसवायला दोन्ही नळ्या फिरकीच्या यंत्रात गेल्या, आणि सरांनी तिला व्हरांड्यात बोलावलं. यंत्राची घरघर बाहेरपर्यंत येत होती.

"चेहरा असा काय केलायस? जिंकलोय आपण."

"सर, ती माती न्हाई. हळद है."

"कुठली हळद?"

"घरची. फडक्याला भंडारा असतो, तो पानांत उतरायलाय."

सरांनी आधी तिच्याकडं, मग दाराकडं पाहिलं. त्यांचा आवाज एकदम प्रेमळ झाला. "घरची हळद घरी ठेव, बाळ."

तिनं दुसऱ्या प्रयोगशाळेचं काय, असं विचारलं. सर म्हणाले की ते आपल्या मातीला दोष देतील. तिनं विचारलं, उद्या कुठंतरी हे औषध कोणी खरंच करायला घेतलं आणि नुसत्या पानांनी केलं, तर? रोग्याच्या अंगात ते गोळे जातील. सर म्हणाले की उद्याचं उद्या. मग कोट सारखा करून ते आत गेले.

यंत्र थांबलं. कण औषधात घोळले गेले, पुन्हा फिरवले गेले, आणि वरच्या पाण्यात किती औषध उरलं ते मोजायला मॅडम स्वतः बसल्या. निर्ण्याच्या कणांनी जवळजवळ सगळं औषध उचललं होतं. कुंपणाच्या पानांचे गोळे नळीच्या तळाशी हात बांधून बसले होते.

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे तुमचा प्रयोग जमतो," त्या सावकाश म्हणाल्या. "पान तेच, जागा वेगळी. मातीचा फरक असू शकतो. तसा शेरा मी देऊ शकते."

त्यांनी पेन काढलं. सरांचा हात आपोआप तिसऱ्या ड्रॉवरकडं गेला.

धनलक्ष्मीनं फक्त गप्प राहायचं होतं. एवढं सोपं काम तिला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. आणि बोलायचं म्हणजे काय बोलायचं? जो आरोप तिच्यावर होता, तोच स्वतःच्या तोंडानं कबूल करायचा. तोही ज्या देवाची आन घेतली, तो देव स्वतः चंचुपात्रात सापडल्यावर.

"मॅडम, शेरा देऊ नका," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबून आला. "पाचवं है. हळद."

पेन थांबलं. सरांनी डोळे मिटले.

"म्हणजे तुम्ही हळद टाकता."

"मी न्हाई."

"मग?"

"आई टाकते. फडक्यात भंडारा. मला आत्ताच कळालं."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या की पकडलेल्या मुलांनी आजवर त्यांना उंदरापासून वीजमंडळापर्यंत सगळ्यांची नावं सांगितली आहेत. आई मात्र पहिल्यांदाच आली. त्यांनी तिसरं पात्र मांडायला लावलं. कुंपणाचीच पानं, आणि त्यात फडकं झटकून पडेल ती पूड. थेंब, थेंब. काढा तांबूस झाला. मॅडमनी फडक्याची घडी घातली, प्लास्टिकच्या पिशवीत टाकली आणि पिशवी सीलबंद केली.

"हळदीनं होतं, हे सिद्ध झालं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक नव्हतं, हे नाही झालं."

खरं होतं ते. न जाणल्याचा पुरावा कुठून आणायचा? मॅडमनी तिच्याच मोबाइलवरून आईचा नंबर लावायला सांगितलं, फोन स्वतःच्या हातात घेतला, स्पीकर लावला आणि तिला बजावलं की तिनं एक अक्षर बोलायचं नाही.

घंटी वाजत राहिली. मग निर्णा बोललं.

"धने, जेवलीस का?"

मॅडमनी आपण कोण ते सांगितलं, तुमच्या मुलीच्या कॉलेजातून बोलतेय म्हणाल्या, आणि पानं कशी पाठवता ते सगळं विचारलं. म्हाळसानं सगळं सांगितलं. धुण्याचं, वाळवण्याचं, ओसरीवर कोंबडी येऊ नये म्हणून लावलेल्या टोपलीचं.

"आणि भंडारा?"

"टाकते की. चिमूटभर. मग काय कोरडंच पाठवू व्हय? लेकराचं काम है."

"मुलीला माहीत आहे?"

"तिला काय सांगायचं त्यात? मीठ टाकलं म्हणून सांगायलाव का आपण कुणाला?"

मॅडमचा चेहरा हलला नाही. "प्रत्येक वेळी टाकता? एकदाही चुकलं नाही?"

फोनमधून आधी कोंबडी हाकलल्याचा आवाज आला.

"एकदा," म्हाळसा म्हणाली. आवाज खाली आला होता. "लेकीला सांगू नगा, बाई. गेल्या पावसाळ्यात आमचे धाकटे भावजी गेले. घरात सुतक. सुतकात देवाच्या फडक्याला हात कसा लावावा? पण तिचा फोन आल्ता, पानं पाहिजेत म्हणून. मग वाण्याच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी घेतली आन् तशीच पाठवली, कोरडी. त्याचं काय वाईट झालं का? मला तवापासून खातंय ते."

धनलक्ष्मी फ्रिजकडं गेली. न बोलण्याची ताकीद तिनं पाळली. बर्फाची बादलीच उचलून टेबलावर आणून ठेवली.

नळ्या ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीवर खेपेची चिठ्ठी. पिवळसर, पिवळसर, पिवळसर. मधे एकच पांढरी, गोळे झालेली. टाकून दे म्हणून सांगितलेली. चिठ्ठीवर गेल्या पावसाळ्यातली तारीख होती. मॅडमनी नळी उजेडात धरली आणि फोनवर विचारलं, भावजी कधी गेले. म्हाळसाला इंग्रजी तारीख येत नव्हती. पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी गेले, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. मॅडमनी मोबाइलवर पंचांग काढलं, चिठ्ठी पाहिली, पुन्हा पंचांग पाहिलं. पोळ्यानंतर आठवडाही लोटलेला नव्हता.

हळद जर ही पोरगी जाणूनबुजून टाकत असती, तर नेमकी चुलत्याच्या सुतकात ती टाकायला विसरली नसती. आणि विसरली असती, तर फसलेला गाळ जपून ठेवला नसता. लबाड माणसाला अपयश साठवून ठेवायची सवय नसते.

मॅडमनी नळी जागेवर ठेवली. मग धनलक्ष्मीला म्हणाल्या, आणि या वेळी त्यांनी मराठी वाया जाऊ दिली, "खोटं बोलली नाहीस. पण लिहिलंयस ते चूक आहे."

छापलेला निबंध परत घ्यावा लागेल. प्रबंध नव्यानं. पान आणि हळद, दोन्ही नावांनिशी. हळद किती, कोणती, कमी पडली तर काय, जास्त झाली तर काय. हळदीचा रंग औषधाच्या मोजणीत लुडबुडतो का, तेही तपासायचं. दोन वर्षं तरी जातील. नोंदणी मात्र राहील. तसा शेरा मी देते.

धनलक्ष्मीला रडू आलं. दोन वर्षं गेली म्हणून की नोंदणी राहिली म्हणून, हे ठरवायला तिला सवड मिळाली नाही. कारण मॅडम फोनकडं वळून विचारत होत्या, "बाई, तुमची चिमूट म्हणजे किती ग्रॅम?"

"चिमूट म्हंजी चिमूट," म्हाळसा म्हणाली.

ही अडचण खरी होती. म्हाळसाच्या चिमटीत वाटीभर पीठ मावतं, हे तिच्या हातचं खाल्लेल्या सगळ्यांना माहीत होतं. मॅडम म्हणाल्या की निर्ण्याला काटा घेऊन यावं लागेल.

एवढ्यात फ्रिज सुरू झाला. त्या घरघरीत गुंडेराव सरांना स्वतःचा आवाज परत सापडला. त्यांनी कोटाची बटणं लावली, खिडकीबाहेरच्या भविष्याकडं पाहिलं आणि हात उंचावला.

"जगाच्या वैद्यकशास्त्राचा इतिहास," ते म्हणाले, "यापुढं दोनच भागांत लिहिला जाईल. हळदीआधीचा, आणि…"

"बाई," फोनमधून म्हाळसा म्हणाली, "तुमचं झालं असंल तर ते फडकं तेवढं संध्याकाळच्या बसला द्या. म्हैस आज-उद्या व्यायची है. आन् धुवू नगा."